‘न्यू बुक’ चालतं, मग ‘न्यू समथिंग’ का नाही?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. ‘आय वाँट न्यू समथिंग’ हे तिचं वाक्य बाईंनी चूक ठरवलं. विशेषण आधीच येतं ना?

उत्तर : नामाच्या आधी येतं, हे खरं. पण ‘समथिंग’ हे सर्वनाम आहे. समथिंग, एनीवन, नोबडी, एव्हरीथिंग या मंडळींना विशेषण मागून लागतं : समथिंग न्यू, नोबडी इम्पॉर्टंट. ‘सम न्यू बुक्स’मध्ये ‘सम’ आणि नाम यांच्यामध्ये विशेषणाला जागा असते. ‘समथिंग’मध्ये ‘सम’ आणि ‘थिंग’ जोडलेलेच असल्याने ती उरत नाही.

ही, शी, दे यांचं वर्णन करताना मध्ये क्रियापद हवंच : शी इज टॉल. ‘पूअर मी’, ‘लकी यू’ हे उद्गार बोलण्यातले, उत्तरपत्रिकेत नकोत. ‘वन’ मात्र नामासारखं वागतं : द रेड वन. अनेकवचनातही विशेषण तसंच राहतं, द रेड वन्स. चांगला, चांगली, चांगले अशी सवय असलेली आपली मुलं इथे हमखास ‘रेड्स’ लिहितात.

उलटा प्रकारही आहे. अस्लीप, अफ्रेड, अलाइव्ह ही विशेषणं एरवी नामाआधी बसत नाहीत. ‘द बेबी इज अस्लीप’ बरोबर, ‘अ‍ॅन अस्लीप बेबी’ चूक. तिथे ‘अ स्लीपिंग बेबी’ म्हणायचं. मुलीकडून ‘एनीथिंग’ आणि ‘समवन’ घेऊन चार-पाच वाक्यं लिहून घ्या. नियम पाठ करण्यापेक्षा ते लवकर अंगवळणी पडतं.