बी.कॉम. नंतर परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये फ्रेशर म्हणून जावं का?

जा, पण काम काय आहे ते समजून जा. घरी ‘इन्व्हेस्टमेंट बँकेत लागलो’ असं सांगता येतं, तरी खराडी किंवा गोरेगावच्या ऑफिसात फ्रेशरच्या वाट्याला बहुधा ऑपरेशन्स येतं: केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणं), सेटलमेंट (सौद्याचे पैसे आणि शेअर प्रत्यक्ष देणं-घेणं), रिकन्सिलिएशन.

रिकन्सिलिएशन म्हणजे आपल्या नोंदी आणि कस्टोडियनच्या, म्हणजे शेअर सांभाळून ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदी जुळवणं. समजा, आपल्याकडे 1,000 शेअर दिसतात आणि त्यांच्याकडे 900. हा झाला ‘ब्रेक’. मग 100 शेअरचा सौदा अडकलाय की बोनस शेअरची नोंद राहिलीय, हे शोधत बसायचं. पहिले सहा महिने यातून बाजाराची आतली यंत्रणा जेवढी कळते, तेवढी पुस्तकातून कळत नाही. नंतर मात्र तेच ते होतं.

शिफ्टचं नीट विचारून घ्या. अमेरिकेत 28 मे 2024 पासून टी+1 सेटलमेंट आहे, म्हणजे सौदा पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा व्हायला हवा. त्यामुळे अमेरिकी डेस्कवर संध्याकाळ गेलीच समजा. कॅबची सोय असते, पण सीएफएचा (गुंतवणूक क्षेत्रातल्या व्यावसायिक परीक्षेचा) अभ्यास रात्री अकराला घरी येऊन होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

इंटर्नशिप मिळत असेल तर सोडू नका, स्टायपेंड कमी असला तरी. फक्त कायम नोकरीबद्दलचं तोंडी आश्वासन धरून बसू नका.

आणि थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे बँकेऐवजी दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर, घेतायत का, ते ऑफर लेटरवर सही करण्याआधी बघा. डेस्क तोच, काम तेच, पण बोनस आणि अंतर्गत बदलीची संधी बहुतेकदा नसते.