एकच लॅब पीसी, दोन उद्दिष्टं: अँटेनाचं ऑप्टिमायझेशन वेळेत कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा अल्ट्रा-वाइडबँड (खूप रुंद बँडचा) मोनोपोल अँटेना, बदलायची मापं सहा, आकार लहान हवा आणि परावर्तनही (अँटेनाकडून मागे फिरणारा सिग्नल) कमी हवं. एका सिम्युलेशनला २० मिनिटं लागतात, गाइड म्हणतात जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखी पिढ्यानपिढ्या निवड करत उत्तर शोधणारी पद्धत) लावा, आणि फर्मागुडीच्या लॅबमध्ये तुमच्या वाट्याला पीसी एकच. मी वेर्ण्याला आरएफचं काम करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी हिशेब. पॉप्युलेशन (एका पिढीतली डिझाइनं) ५० आणि पिढ्या १०० धरल्या तर ५००० सिम्युलेशनं, म्हणजे जवळपास ७० दिवस, तेही मध्ये एकदाही वीज न जाता. गोव्यात राहून ही अट कोण मान्य करेल! गाइडचं म्हणणं चुकीचं नाही. अल्गोरिदम लावायचाच, फक्त थेट सिम्युलेटरवर नाही.

दोन उद्दिष्टं असली की उत्तर एक येत नाही. फोंड्यात खोली शोधताना जी महागही आहे आणि कॉलेजपासून लांबही, ती यादीतून जाते. उरलेल्यांपैकी कुठलीही घेतली तरी काही मिळवता, काही सोडता. असे उरलेले अँटेना म्हणजे पॅरेटो फ्रंट. हा पेच कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटणारा नाही. अँटेना तरंगलांबीच्या मानाने लहान करत गेलात की बँडविड्थवर मर्यादा येते, हे चू यांनी १९४८ मध्येच गणिताने दाखवलंय.

आता खरी बचत कुठे होते ते. बहुतेक जण चांगला अल्गोरिदम शोधत बसतात. माझ्या मते शोधायची जागाच आधी लहान करावी. मेश (सिम्युलेटर अँटेनाचे बारीक तुकडे पाडतो ती जाळी) विरळ करून २० मिनिटांचं मॉडेल २ मिनिटांवर आणा. विरळ आणि दाट मेशचे परावर्तनाचे आलेख एकावर एक ठेवून बघा. वक्राचा आकार तोच असून फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली असेल तर चालतं, आकारच बदलला तर मेश जरा दाट करा. मग या स्वस्त मॉडेलवर फ्रंटची दोन टोकं काढा: एकदा आकार विसरून फक्त परावर्तन कमी करा, एकदा परावर्तन जेमतेम −१० डेसिबलवर (म्हणजे दहावा भाग शक्ती परत) धरून फक्त आकार कमी करा. साधं एका उद्दिष्टाचं ऑप्टिमायझेशन आहे, पटकन होतं. फ्रंटचा बहुतेक भाग या दोन डिझाइनांच्या मधल्या चौकटीत सापडतो. फ्रंट वाकडा असू शकतो, म्हणून चौकट थोडी सैल ठेवा. सहाही मापांची रेंज एक तृतीयांशावर आली तरी शोधायची जागा ७२९ पटींनी घटते.

त्या चौकटीत लॅटिन हायपरक्यूबने (नमुने सगळ्या रेंजभर सारखे पसरवायची पद्धत) २०० नमुने घ्या. ४०० मिनिटं, एका रात्रीचं काम. त्यावर क्रिगिंग मॉडेल (मोजक्या नमुन्यांवरून मधल्या किमतींचा अंदाज देणारं गणित) बसवा. ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये, ती खाणींतून आलीय: दक्षिण आफ्रिकेच्या क्रीग यांनी १९५१ च्या सुमारास थोड्या बोअरहोलांवरून सोन्याचं प्रमाण कसं अंदाजायचं ते मांडलं. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

इथे एक गोष्ट पुस्तकात ठळकपणे सांगत नाहीत. संपूर्ण बँडमधलं सर्वांत वाईट परावर्तन हा एकच आकडा मॉडेल करू नका. मापं बदलली की तो 'सर्वांत वाईट' बिंदू एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उडी मारतो, आणि अशा कोपऱ्यांवर क्रिगिंग अडखळतं. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला एस११चा (परावर्तन दाखवणारी संमिश्र संख्या) वास्तव आणि काल्पनिक भाग वेगवेगळा मॉडेल करा. डेसिबल आणि कमाल नंतर काढा.

मग गाइडचा जेनेटिक अल्गोरिदम. एनएसजीए-२ घ्या, एकाहून जास्त उद्दिष्टांसाठीच बनवलेला, तेव्हा आयआयटी कानपूरला असलेल्या कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा, २००२ चा. पायथॉनच्या पायमू लायब्ररीत तयार मिळतो. सिम्युलेटरच मध्ये नसल्यामुळे ते ५००० हिशेब फार तर काही मिनिटांत उरकतात. आलेल्या फ्रंटवरून दहाएक डिझाइनं निवडून दाट मेशवर चालवा, विरळ आणि दाट मॉडेलांतला फरक दुरुस्ती म्हणून जोडा, फ्रंट पुन्हा काढा. दोन-तीन फेऱ्यांत आकडे जुळतात. सगळं मिळून आठवडाभरात आटोपेल.

बनवायला मात्र काठावरचं −१० डेसिबलचं डिझाइन घेऊ नका, −१२ च्या आसपासचं घ्या. एफआर-४ या नेहमीच्या सर्किट बोर्डाच्या शीटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ धरतो खरा, पण प्रत्येक शीट तेवढाच देते असं नाही. केबल जोडायचा एसएमए कनेक्टर दाट मेशच्या मॉडेलमध्ये घालाच. इतक्या लहान ग्राउंडच्या अँटेनात करंट केबलच्या बाहेरून वाहू लागतो आणि मोजलेला आलेख ओळखू येत नाही.

सहा मापं कुठली ते कमेंटमध्ये लिहा. त्यात सब्सट्रेटची (अँटेना ज्यावर बनतो त्या शीटची) जाडी असेल तर ती काढूनच टाका, लॅबमध्ये १.६ मिमीचीच शीट असणार.