मुंगी एवढीशी, लाली रुपयाएवढी

प्रश्न: मुंगी चावते टिंबाएवढ्या जागी, मग आजूबाजूला एवढं लाल का होतं? हे नसांमुळे होत असेल, तर घामाच्या ग्रंथींनाही याच नसा असतात का?

उत्तर: सगळी लाली काही विषाची नसते. त्वचेतल्या बारीक वेदनेच्या नसा मेंदूकडे निरोप नेतात हे खरंच, पण तोच सिग्नल शेजारच्या फांदीतून उलटा त्वचेकडेही येतो आणि नसेच्या टोकातून सीजीआरपी, सबस्टन्स पी अशी न्यूरोपेप्टाइड्स म्हणजे प्रोटीनसारखेच पण छोटे रेणू बाहेर पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झालं लालेलाल, मेंदूला विचारायचीही गरज नाही! सबस्टन्स पी सापडलं १९३१ मध्ये, फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना, तेही घोड्याच्या आतड्यात नि मेंदूत.

घामाच्या ग्रंथींचं खातं वेगळं, तिथे मुख्यतः सिम्पथेटिक नसा, म्हणजे आपल्या नकळत शरीराची कामं चालवणाऱ्या नसांपैकी काही. आता या नसा बहुतेक ठिकाणी नॉरअ‍ॅड्रिनलिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात, इथे मात्र अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसरं रसायन, घाम मुख्यतः त्यानेच सुटतो. सोबतीला व्हीआयपी नावाचं पेप्टाइड असतं, रक्तवाहिन्या रुंद करणारं. नावावर जाऊ नका, तेही आधी आतड्यातच सापडलं होतं, डुकराच्या!