नकाशा लाल, शेत कोरडं: हवामानाच्या चित्रांबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या पंधरवड्यात खत-किडीपेक्षा जास्त प्रश्न आले ते मोबाइलवर फिरणाऱ्या हवामानाच्या चित्रांबद्दल. खटाव तालुक्यातल्या एका दादांनी लिहिलं, "सातारा जिल्हा दोन दिवस लाल दाखवत होते म्हणून वाळलेला सोयाबीन कापला नाही. आमच्याकडं थेंब नाही. शेंगा तडकून दाणे रानात सांडले." कोरेगावच्या एका ताईंनी विचारलं, "नकाशात आपला जिल्हा हिरवा आहे, म्हणजे पाऊस नाही ना? घेवडा उपटून वाळत घातलाय." फलटणच्या डाळिंब बागायतदारांना ॲपवर रोजच ढग आणि थेंब दिसतात, मग फवारणी करायची कधी, असा त्यांचा प्रश्न. पाटणहून एकांनी टीव्हीवरच्या लालभडक ढगांचा फोटो पाठवला. आणि माणमधून विचारणा आली की रब्बी ज्वारीची पेरणी कोणता नकाशा बघून करायची.

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय. एक गोष्ट आधी सांगतो, ती मनापासून: ही चित्रं तुम्हाला कळत नाहीत यात तुमचा दोष नाही. विहिरीचं पाणी, मातीची ओल, पिकाचा रंग तुम्ही बिनचूक वाचता. ज्या चित्रातून किती पाऊस, कुठं आणि कधी हे तीन प्रश्न सुटत नाहीत, ते चित्रच अपुरं आहे. मला याचा राग येतो, कारण अंदाज तयार करणाऱ्यांची मेहनत मी जाणतो आणि ती शेवटच्या पायरीवर, एका रंगीत चौकटीत वाया जाताना दर हंगामात बघतो.

खटावच्या दादांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो आधी. हवामान खात्याच्या इशाऱ्याच्या नकाशात बहुतेक वेळा पूर्ण जिल्हा एकाच रंगात भरतात. आता आपला जिल्हा डोळ्यांपुढं आणा. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पूर्वेला दहिवडी-म्हसवड, तिथं जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक, आणि नकाशावर रंग एक! घाटमाथ्यावर अतिवृष्टीची शक्यता असली की तो लाल रंग थेट म्हसवडपर्यंत सांडतो. हवामान खात्याच्या लेखी इशाऱ्यात घाट परिसराचा उल्लेख बहुतेक वेळा वेगळा असतो. पण चित्र फॉरवर्ड होतं, मजकूर मागंच राहतो. पुण्यातही तेच होतं. ताम्हिणी-लोणावळ्याच्या पावसासाठी जिल्हा लाल होतो आणि बारामती-इंदापूरचा शेतकरी आभाळाकडं बघत बसतो.

म्हणून रंग दिसला की त्याच्या खालचं वाक्य शोधा. त्यातले शब्द नेमक्या अर्थाचे असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. त्यापुढं पाऊणपर्यंत "बऱ्याच ठिकाणी", आणि त्याहून जास्त म्हणजे "बहुतांश ठिकाणी". "तुरळक ठिकाणी मुसळधार" वाचल्यावर आपल्या रानात मुसळधार होईलच असं धरून चालायचं नाही. मात्र आपलं रान त्या पाव भागात येऊ शकतं, हेही विसरायचं नाही. लाल रंगात हा फरक कुठंच दिसत नाही.

पावसाच्या प्रमाणाचे शब्दही ठरलेले आहेत. चोवीस तासांत 2.5 ते 15.5 मिमी म्हणजे हलका पाऊस, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 ते 115.5 जोरदार म्हणजेच मुसळधार, 115.6 ते 204.4 अति जोरदार, आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. हा तक्ता गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एकरी सुमारे चार हजार लिटर. असं मोजलं की आकड्याला वजन येतं.

आता कोरेगावच्या ताईंचा हिरवा रंग. ताई, इशाऱ्याच्या नकाशात हिरव्याचा अर्थ फक्त "इशारा नाही" एवढाच. पाऊस नाही, असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या पावसाचा इशारा 64.5 मिमीपासून सुरू होतो. म्हणजे हिरव्या दिवशी 20 काय, 40 मिमी पाऊस झाला तरी नकाशा चुकला असं कुणी म्हणणार नाही. वाळत घातलेल्या घेवड्याला 20 मिमी पुरेसे आहेत: शेंगा काळ्या पडतात, दाण्याला डाग येतो, भाव पडतो. नकाशा हिरवा म्हणजे घेवडा सुरक्षित, असं नाही. कापणी-मळणीच्या काळात रंग बघूच नका, मिमीचा आकडा बघा. आकडा 5 च्या वर असेल तर ढिगावर ताडपत्री असलीच पाहिजे आणि ढिगाखाली पाणी शिरणार नाही अशी उंच जागा निवडलेली पाहिजे.

पिवळ्याचंही तसंच. पिवळा इशारा पुष्कळदा पावसाच्या प्रमाणासाठी नसून मेघगर्जना, वीज आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी असतो. ऑक्टोबरमध्ये हे फार दिसतं. पाऊस दहा मिमी, पण वीज जीव घेणारी. नकाशा छोटा करून पाठवला की ढग-विजेची बारीक खूण दिसेनाशी होते आणि उरतो तो पिवळा रंग, जो लोकांना "किरकोळ" वाटतो. दुपारी तीननंतर आभाळ भरून आलं तर रंग कुठलाही असो, झाडाखाली थांबू नका, जनावरं झाडाला बांधू नका. मोबाइलवर दामिनी ॲप ठेवा, ते जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं.

ज्याच्यामुळं सगळ्यात जास्त घोटाळा होतो त्या नकाशावर थोडं थांबतो. तो अंदाजाचा नकाशाच नाही. तो झालेल्या पावसाचा, सरासरीशी तुलना करणारा नकाशा आहे. त्यात गडद निळा म्हणजे सरासरीपेक्षा 60 टक्के किंवा त्याहून जास्त, फिका निळा म्हणजे 20 ते 59 टक्के जास्त, हिरवा म्हणजे सरासरीच्या आसपास, 19 टक्के इकडं-तिकडं. इथवर ठीक. पुढं लाल म्हणजे 20 ते 59 टक्के तूट, आणि पिवळा म्हणजे 60 ते 99 टक्के तूट. नीट वाचा: पिवळा हा लालपेक्षा वाईट! इशाऱ्याच्या नकाशात पिवळा सौम्य आणि लाल सर्वांत गंभीर, इथं नेमकं उलटं. एकाच खात्याची दोन चित्रं, तेच रंग, आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. दुष्काळाच्या छायेतल्या तालुक्यातला माणूस आपला भाग पिवळा बघून "चला, लाल तरी नाही" म्हणत असेल, तर त्याला हसण्याचा हक्क कुणालाच नाही. हे रंग बदलायला हवेत, असं मी बैठकीत प्रत्येक वेळी सांगतो आणि इथंही लिहून ठेवतो.

या नकाशाची टक्केवारीही जपून घ्या. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सरासरीच चार मिमी असेल आणि आठ मिमी पाऊस झाला, तर जिल्हा गडद निळा दिसतो. शंभर टक्के जास्त! आठ मिमीनं ढेकूळसुद्धा धड भिजत नाही.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. एका गावात ग्रामपंचायतीच्या फलकावर इशाऱ्याचा नकाशा लावला होता. चांगली गोष्ट. पण प्रत झेरॉक्सची, काळी-पांढरी. लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेत. म्हातारे आजोबा चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मला विचारलं, "साहेब, यात आपण कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. रंगीत प्रत असती तरी लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक प्रत्येक गावात असतात. आणि नकाशावरची नावं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. त्याच आठवड्यात मी स्वतः एक चित्र शेतकऱ्यांच्या मोबाइल गटावर पाठवलं, ज्याची तारखेची पट्टी कुणीतरी आधीच कापलेली होती. ते तीन दिवसांपूर्वीचं निघालं. त्यावर विसंबून एकांनी कांदा काढायचा थांबवला. त्या दिवसापासून तारीख आणि वेळ नसलेलं चित्र मी पुढं पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका, ते कितीही मोठ्या माणसाकडून आलेलं असो.

तारखेवरून आठवलं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 ला संपतो. मंगळवारी सकाळी जाहीर झालेला पाऊस म्हणजे सोमवारी 8:30 नंतर पडलेला. अंदाजातला "पहिला दिवस"ही दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 ला संपतो. त्यामुळं शुक्रवारी पहाटे चारला पडलेला पाऊस हा गुरुवारच्या अंदाजातला असतो. "गुरुवारी म्हणाले, आला शुक्रवारी" ही तक्रार पुष्कळदा इथून येते. चित्रावर एवढी एक ओळ मोठ्या अक्षरात छापली तर ती तक्रार उरणार नाही.

पाटणच्या बंधूंना: टीव्हीवरचे लाल-केशरी ढग म्हणजे पाऊस नव्हे. तो उपग्रहानं घेतलेला उष्णतेचा फोटो असतो. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड, आणि त्या थंडपणाला नंतर लाल रंग देतात. वादळी ढगाचा वरचा पसरट भाग वाऱ्यानं लांबवर जातो, त्याच्याखाली कोरडं ऊनही असू शकतं. शिवाय कोपऱ्यातली वेळ अनेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. 06:00 लिहिलं असेल तर तो फोटो सकाळी साडेअकराचा.

फलटणच्या बागायतदारांनो, ॲपवरचा थेंबाचा ढग 0.2 मिमीला दिसतो आणि 40 मिमीलाही तसाच दिसतो. दिवसभरात एका तासाला जरी पावसाची शक्यता असली तरी अनेक ॲप पूर्ण दिवसाला तेच चिन्ह देतात. 70 टक्के म्हणजे 70 टक्के रान भिजेल किंवा जोराचा पाऊस होईल असं नव्हे. तुमच्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस होण्याची ती शक्यता, मग तो शिंतडाही असू शकतो. म्हणून चिन्हावर बोट ठेवून आत जा, तासवार तक्ता उघडा, मिमी आणि वारा बघा. फवारणीनंतर किमान चार ते सहा तास कोरडे आणि वारा शांत असा तुकडा शोधा, बहुधा तो सकाळी लवकर सापडतो. वारा काही ॲपमध्ये नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी. पावसाची शक्यता असताना फवारणी टाळताच येत नसेल तर स्पर्शजन्य (पानावरच राहणाऱ्या) औषधाऐवजी आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाणारं) बुरशीनाशक निवडा आणि चिकट द्रव्य मिसळा. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा मराठी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. चित्रांपेक्षा तो मजकूर वाचा.

नुकसानभरपाईबद्दल दोघा-तिघांनी विचारलं. नकाशावर लाल होतं म्हणून मदत मिळत नाही आणि हिरवं होतं म्हणून नाकारलीही जात नाही. अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवर, चोवीस तासांत 65 मिमी. पुढं पंचनाम्यात पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा अधिक असावं लागतं. नकाशाचे स्क्रीनशॉट जमवण्यापेक्षा शेताचे फोटो काढा आणि मंडळाची नोंद मागून घ्या.

आणि स्वतःची नोंद ठेवा. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी, झाडा-घरापासून लांब, नीट सपाटीवर ठेवा. रोज सकाळी 8:30 ला पट्टी बुडवून मिमी वाचा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. शेजारच्या मंडळात 40 मिमी आणि आपल्या शिवारात 6, हे कुठलाच नकाशा सांगणार नाही. डबा सांगेल.

आमच्या बाजूनं आम्ही एवढं करतोय: या आठवड्यापासून गटावर रंगीत नकाशा एकटा पाठवणार नाही. त्याच्यासोबत चार ओळी असतील, अशा: "गुरुवार सकाळी 8:30 ते शुक्रवार सकाळी 8:30. खटाव-माण: 5 ते 15 मिमी, दुपारनंतर, विजांसह, तुरळक ठिकाणी. पाटण-जावळीचा घाट: 65 च्या वर. कापलेला सोयाबीन झाकून ठेवा." ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांच्यासाठी याच ओळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहायला सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) सांगितलं आहे. अंदाज चुकला तर तेही त्याच फळ्यावर लिहू.

शेवटी माणच्या ज्वारीबद्दल. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरमध्ये उरकायची असते, त्यामुळं पुढच्या पावसाच्या चित्रासाठी थांबू नका. वीतभर खोल खड्डा घ्या, तिथल्या मातीचा मुठीत लाडू वळतो का बघा. वळत असेल तर ओल आहे, पेरा. मध्यम जमिनीत वळत नसेल आणि तासवार अंदाजात पुढच्या तीन-चार दिवसांत 20 मिमीच्या वर आकडा असेल, तर तेवढेच दिवस थांबा. बियाण्याला गंधक चोळून ठेवा, म्हणजे वापसा (पेरणीजोगी ओल) आला की त्याच दिवशी पाभर (पेरणीचं अवजार) चालू करता येईल.