एमआरआयने मेंदू अभ्यासायचाय? मग आधी एवढंच

अगं, कुठलं सॉफ्टवेअर शिकू म्हणून आत्ताच घाबरू नकोस. ते हाताखालून जाता जाता येतं.

आधी सिग्नल कुठून येतो ते डोक्यात पक्कं बसव. मेंदूत पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन. 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकात त्याची केंद्रकं सेकंदाला सुमारे 12.8 कोटी गिरक्या घेतात. त्याच वारंवारितेची रेडिओ लहर दिली की ती कलतात, आणि कललेली असताना जो सिग्नल देतात तोच आपण टिपतो. करडं आणि पांढरं द्रव्य पूर्वपदावर यायला वेगवेगळा वेळ घेतं, म्हणून चित्रात फरक दिसतो. क्ष-किरणांचा इथे संबंधच नाही.

नवखे हमखास घसरतात ते इथे:

- एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदू काम करत असतानाच्या एमआरआयमध्ये, थेट विचार दिसतो असं वाटणं. दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, तोही पाच-सहा सेकंद उशिरा.
- डोक्याची हालचाल. पहिल्याच स्कॅनला मी मधेच मित्राला विचारलं, "बरा आहेस ना?" त्याने मान डोलावली! तेवढा डेटा पाण्यात.
- हजारो व्हॉक्सेल (चित्राचे चिमुकले घन ठोकळे) तपासून संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करणं. इतक्या तपासण्यांत काही निकाल निव्वळ योगायोगाने खरे वाटतात, ते गाळायला ही दुरुस्ती. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले. दुरुस्तीविना त्याच्याही मेंदूत 'सक्रियता' सापडली.

आणि हो, स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. केसातली पिनसुद्धा बाहेर काढून ठेव.

डिफ्युजन (मेंदूतलं पाणी कसं पसरतं ते टिपणारा स्कॅन) वगैरे नंतर बघू. या आठवड्यात एकाच माणसाचा स्कॅन उघड आणि तासभर नुसता न्याहाळ.