भाताला पानांवरून खतं फवारल्याने उत्पादन खरंच वाढतं का? कोणतं खत, कधी आणि किती?

वाढतं, पण जमिनीतला खताचा हप्ता चुकवून नाही. हिशेबच करून पाहा. 200 लिटर पाण्यात 2 टक्के युरिया म्हणजे 4 किलो युरिया, त्यातून पानांवर पडतं जेमतेम 1.84 किलो नत्र. एक टन दाण्यामागे भातपीक साधारण 15 ते 20 किलो नत्र उचलतं. त्यामुळे फवारणीला जोडखुराकच समजा. तिचा खरा उपयोग सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता भरून काढायला आणि लोंबी धरताना हात द्यायला होतो.

लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले आणि रोपं खुजी राहिली, तर बहुधा जस्त कमी पडतंय. लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट (21 टक्केवालं) आणि 2.5 ग्रॅम विझवलेला चुना घ्या. चुना रात्रभर भिजवून वरची निवळीच वापरा. चुना वगळलात तर द्रावण आम्लधर्मी राहतं आणि पानं करपतात. चुन्याऐवजी 20 ग्रॅम युरिया चालतो. 33 टक्केवालं झिंक असेल तर 3 ग्रॅम पुरे. 10-12 दिवसांनी पुन्हा फवारा. कोवळी पानं शिरांमधून पिवळी-पांढरी पडत असतील तर मात्र ती लोहाची कमतरता, तिथे जस्त मारून उपयोग नाही.

सगळ्यात मोलाची वेळ लोंबी धरण्याची. दिवस मोजत बसू नका, मुख्य फुटव्याचा बुंधा उभा चिरून पाहा. वरच्या पेऱ्याच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, लवदार कोंब दिसला की फवारणीची वेळ झाली. तेव्हा 2 टक्के डीएपी (नत्र आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) द्या: 4 किलो रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि 200 लिटर करा. न गाळता टाकलंत तर नोझल तुंबणारच. पुढे पोटरीत, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात फुगते तेव्हा, 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला 10 ग्रॅम. त्यातल्या पालाशामुळे (पोटॅशमुळे) दाणे भरायला मदत होते, पोचट कमी राहतात. पीक आधीच काळपट हिरवं, लुसलुशीत असेल तर युरिया अजिबात नको. करपा आणि तुडतुडे वाढतात, पीक लोळतं.

झिंक सल्फेट आणि डीएपी किंवा 0:52:34 (स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) एका टाकीत कधीच घालू नका. जस्त आणि स्फुरदाचा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात. भाताचं पान मेणचट असतं, म्हणून लिटरला अर्धा मिली स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारा द्रव) हवाच. तणनाशकाचा पंप असेल तर आधी धुण्याच्या सोड्याने नीट धुवा.

फवारणी संध्याकाळी करा. फुलोऱ्यात सकाळी साधारण नऊ ते बारा फुलं उघडतात, त्या वेळी पंप शेतात न्यायचाच नाही. फवारणीनंतर निदान पाच-सहा तास पाऊस नको. नवीन मिश्रण असेल तर आधी चार-सहा चुडांवर (रोपांच्या झुपक्यांवर) मारून दोन दिवस पानांची टोकं तपासा. एक पट्टा न फवारता ठेवा आणि त्याचं भात वेगळं झोडून तोला. आपल्या जमिनीत फवारणीचा खर्च निघतो का, ते त्यावरून कळेल.