सावर-बेकमन फार्म: एका आवारात दोन कुटुंबे

तुम्ही विचारले आहे की टेक्सासमधल्या स्टोनवॉलच्या सावर-बेकमन फार्मवर दगडी खोल्या, लाकडी खोली आणि पत्र्याने मढवलेले घर असे सगळे एकमेकांना खेटून का उभे आहे, आणि हे एकाच जर्मन कुटुंबाचे काम आहे का. काम दोन कुटुंबांचे आहे. दोघांमध्ये एका पिढीचे अंतर आहे आणि ते भिंतींवरून ओळखता येते. म्हणून तिथे गेल्यावर आधी बाहेरून फेरी मारा, मग आत जा.

थोडी पार्श्वभूमी. १८४२ मध्ये ऱ्हाइनकाठच्या बीब्रिख गावी काही जर्मन सरदारांनी टेक्सासमध्ये वसाहत करण्यासाठी एक मंडळ काढले. त्याला आडेल्सफेराइन म्हणत. १८४४ ते १८४७ या काळात मंडळाने सात हजारांहून जास्त माणसे जहाजांनी पाठवली. मंडळाचा कारभार मात्र फार वाईट होता. १८४६ मध्ये अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध पेटले, बैलगाड्या सैन्याकडे गेल्या, आणि टेक्सासमधल्या इंडियानोला बंदराच्या किनाऱ्यावर अडकलेली माणसे रोगराईने मेली. जे निभावले ते चालत आत आले. त्याच वर्षी मंडळाचा प्रतिनिधी म्यॉयझेबाख याने फ्रेडरिक्सबर्ग हे गाव वसवले आणि पुढच्या वर्षी तिथल्या मूळनिवासी कोमांची लोकांशी तह केला. घर बांधायला गावात एक तुकडा आणि गावाबाहेर दहा एकर शेत, एवढे प्रत्येकाच्या वाट्याला आले. त्या पातळ, खडकाळ जमिनीत दहा एकरांवर कुटुंब जगणे कठीणच. त्यामुळे पुढे लोक गाव सोडून ओढ्या-नद्यांच्या काठाने पांगले आणि शेतातच घर करून राहू लागले.

योहान आणि क्रिस्टीन सावर हे जोडपे १८६९ मध्ये चार मुलांना घेऊन स्टोनवॉलजवळ आले ते याच पट्ट्यात. पहिला निवारा जे हाताशी होते त्याचा, म्हणजे ओंडके आणि दगड. त्या भागात चुनखडीचा दगड जमिनीवरच उघडा पडलेला असतो. शेत साफ करायचे तर तो वेचावाच लागतो, आणि वेचलेला दगड कुंपणाला आणि भिंतीला लागतो. १८८५ पर्यंत सावरांनी मूळच्या खोपटांशेजारी आणखी दगडी खोल्या उभ्या केल्या. सावरांना पुढे एकूण दहा मुले झाली, हे लक्षात घेतले की इतक्या खोल्या कशाला, हा प्रश्न उरत नाही. मला या आवारात सर्वांत जास्त आवडतात त्या याच भिंती. त्यांत दिखावा अजिबात नाही. जाड दगडाने उन्हाळ्यात आत गारवा राहतो.

या दहांपैकी ऑगस्टा लग्नानंतर लिंडिग झाली आणि सुईणपण करू लागली. १९०८ च्या ऑगस्टमध्ये याच परिसरात लिंडन जॉन्सन जन्मले तेव्हा बाळंतपणाला ती होती. पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा वस्त्यांमध्ये डॉक्टर येईपर्यंत सगळी भिस्त शेजारच्या सुईणीवर असे, पण कुटुंबांच्या इतिहासात बायकांच्या या कामाला एखादी ओळही क्वचितच मिळते. इथे ती मिळाली, याचे मला फार समाधान आहे.

१९०० मध्ये जागा बेकमन कुटुंबाकडे आली. १९१५ मध्ये कापसाचे पीक चांगले आले. कापसाच्या एका चांगल्या हंगामाने घर कसे पालटते ते वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. एमिल आणि एम्मा बेकमन यांनी नवे कोठार बांधले, जुन्या दगडी खोलीला फळ्यांची खोली जोडली, आणि ओसऱ्या काढून तिला नव्या व्हिक्टोरियन धाटणीच्या घराशी जोडले. त्या घरावर नक्षी उठवलेला पत्रा आहे, जी तेव्हाची फॅशन होती. म्हणजे सावरांचे घर रानातल्या दगडाचे, आणि बेकमनांचे बाजारातून आणलेल्या सामानाचे. जुने पाडले मात्र नाही, कारण धडधाकट दगडी खोली मोडणे कोणत्याच शेतकऱ्याला परवडत नाही. तुम्हाला दिसलेली खेटाखेट यातून आली आहे.

१९६६ मध्ये बेकमन घराण्यातल्या बाईंनी ही जागा राज्याच्या उद्यान खात्याला विकली आणि १९७५ पासून ती लोकांसाठी खुली आहे. आज तिथले कर्मचारी १९१५ ते १९१८ च्या काळातले कपडे घालून त्या काळचे दिवस जगून दाखवतात. गाय पिळतात, डुकरांना खाऊ घालतात, लाकडाच्या चुलाण्यावर रांधतात, लोणी आणि चीज करतात, घरी बनवलेल्या साबणाने फरशी घासतात. थंडीत डुक्कर कापून त्याचे मांस टिकवायचे कामही होते. घरची शाकाहारी मंडळी सोबत असतील तर त्या दिवसांत आधी चौकशी करून जा.

निवडलेली ही वर्षे मला महत्त्वाची वाटतात. एकीकडे बेकमनांची भरभराट, आणि दुसरीकडे पहिले महायुद्ध, ज्यात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली. १९१८ मध्ये टेक्सासने सरकारी शाळांतले शिक्षण इंग्रजीतूनच असावे असा कायदा केला. ज्या घरांत चुलीपासून प्रार्थनेपर्यंत जर्मन बोलली जात होती, त्यांच्या मुलांच्या वाट्याला हे आले. कर्मचाऱ्यांना याबद्दल जरूर विचारा. नुसते लोणी काढताना पाहून परतू नका.

वेळ असेल तर तिथून फ्रेडरिक्सबर्गला जा. तिथे रविवारची घरे म्हणून ओळखली जाणारी छोटी घरे आहेत. लांबचे शेतकरी शनिवारी बाजाराला येत, तिथे मुक्काम करत आणि रविवारी चर्च आटोपून शेतावर परतत. ही घरे फार्मनंतर पाहा, आधी नको. एवढ्याशा जागेत कुटुंब कसे भागवत होते हा प्रश्न मग पडणार नाही, कारण त्यांचे खरे घर तुम्ही पाहून आलेले असाल.